लघुपट, वितरक आणि हक्कांची विभागणी

चित्रपटगृहाचे अर्थकारण एका खेळाच्या तिकिटावर उभे असते आणि दहा-वीस मिनिटांच्या चित्रपटासाठी स्वतंत्र खेळ लावणे परवडत नाही. त्यामुळे पूर्ण लांबीच्या चित्रपटाला खुली असणारी वितरणाची रूढ वाट लघुपटाला जवळजवळ बंदच असते. म्हणूनच लघुपटाचा वितरक दूरचित्रवाणी वाहिन्या, ओटीटी मंच, विमान कंपन्या आणि शैक्षणिक संस्था यांना लघुपट दाखवण्याचे परवाने विकतो. अशा खरेदीदारांशी त्याची गाठ मुख्यतः महोत्सवांना जोडून भरणाऱ्या बाजारांत पडते. फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथील लघुपट बाजार १९८६ पासून भरतो, तर १९९० साली सुरू झालेल्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला अशा बाजाराची, म्हणजे ‘डॉक बाजार’ची, जोड २०२४ मध्ये मिळाली.

या व्यवहाराचे साधारण तीन प्रकार आढळतात. पहिल्यात, ज्याला व्यवसायात ‘आउटराइट’ म्हणतात, वितरक एकरकमी मोबदला देऊन ठरलेले हक्क विकत घेतो. दुसऱ्यात तो ‘मिनिमम गॅरंटी’ म्हणजे किमान हमीची रक्कम आगाऊ देतो आणि ती वसूल झाल्यानंतरच्या उत्पन्नात निर्मात्याला वाटा मिळतो. तिसऱ्यात आगाऊ काहीच न देता, विक्री झाल्यावर वितरक आपले कमिशन व खर्च वजा करून उरलेली रक्कम देतो. स्वतंत्र लघुपटकारांच्या वाट्याला बहुधा हा तिसरा प्रकार येतो. त्यात कमिशनच्या टक्क्यांइतकेच महत्त्व खर्चाच्या कमाल मर्यादेला असते, कारण ती लिहिली नसेल तर प्रती, उपशीर्षके आणि प्रसिद्धी यांच्या खर्चातच सारे उत्पन्न जिरू शकते.

कराराचा गाभा मात्र हक्कांच्या विभागणीत आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते आणि त्यात हक्क, मुदत, प्रदेश व मोबदला यांचा उल्लेख अपेक्षित असतो. मुदत लिहिली नसल्यास ती पाच वर्षांची, तर प्रदेश लिहिला नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्यांचा वापर केला नाही, तर करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास ते हक्क संपुष्टात येतात. हे संरक्षण करार मुका असतानाच उपयोगी पडते. ‘सर्व माध्यमे, संपूर्ण जग, कायमस्वरूपी’ असे शब्द एकदा मान्य केले की ते आपोआप मदतीला येत नाही.

हक्क देण्याच्या क्रमालाही किंमत असते. ऑस्करसाठी श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट मानला जातो आणि पात्रता मिळण्यापूर्वी तो आंतरजालावर वा दूरचित्रवाणीवर सार्वजनिकरीत्या दाखवला गेल्यास त्याचा मार्ग बंद होतो. अनेक महोत्सवही पहिल्या प्रदर्शनाचा मान मागतात, म्हणून लघुपट यूट्यूबवर टाकण्यापूर्वी महोत्सवांचा टप्पा पूर्ण होऊ देणे इष्ट ठरते. वितरकाने अनन्य हक्क मागितल्यास, म्हणजे इतर कोणालाही ते देता येणार नाहीत अशी अट घातल्यास, महोत्सवांतील प्रदर्शनाचा अधिकार स्वतःकडे राखल्याची नोंद करारात करून घ्यावी लागते.

जे आपले नाही ते विकता येत नाही, हे तत्त्व येथेही लागू पडते. भारतीय कायदा चित्रपटाचा कर्ता म्हणून दिग्दर्शकाऐवजी निर्मात्याला मानतो. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये अभ्यासक्रमाचा भाग म्हणून झालेल्या लघुपटांचे हक्क संस्थेकडे असतात. संगीत केवळ महोत्सवांपुरत्या परवान्यावर घेतले असेल, तर वाहिनीला लघुपट विकताना नवा परवाना घ्यावा लागतो. त्यामुळे लेखक, संगीतकार व कलाकार यांच्याशी झालेले लेखी करार ही कागदपत्रे जाणता वितरक सुरुवातीलाच मागतो.

चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो आणि लघुपटाची व्यावसायिक मागणी सहसा पहिल्या काही वर्षांतच असते. तेव्हा कोणते हक्क, किती वर्षे, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, या चार रकान्यांत नेमके शब्द भरल्याशिवाय लघुपटकाराने करारावर सही करू नये.