नोकरीतील खंड आणि उपनगरातील कचेऱ्या

एखादी व्यक्ती बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ कामाच्या शोधात असूनही तिला काम मिळत नसेल, तर तिला दीर्घकालीन बेकार समजण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे. या व्याख्येत ‘शोधात असूनही’ ही अट महत्त्वाची आहे. भारतातील श्रमशक्ती सर्वेक्षणातही जो काम शोधतो किंवा मिळाल्यास करायला तयार असतो, त्यालाच बेकार मानले जाते आणि बाकीचे श्रमशक्तीबाहेरचे ठरतात. त्यामुळे मुलाच्या दहावीसाठी किंवा सासूबाईंच्या आजारपणासाठी नोकरी सोडून नंतर अर्ज करण्याची उमेद हरवून बसलेली मुलुंडची पदवीधर गृहिणी, किंवा पन्नाशीच्या आत कारखाना बंद पडल्यावर दोन-तीन वर्षे खेटे घालून थकलेला भांडुपचा स्टोअर्स क्लार्क, हे दोघेही बेकारीच्या आकड्यात बहुधा दिसत नाहीत. खंडानंतर कार्यालयीन नोकरी मिळवण्याचा प्रश्न मात्र नेमका अशांचाच असतो.

मुंबईच्या उपनगरांत गेल्या पन्नास वर्षांत कामाची जागा आणि कामाचे स्वरूप दोन्ही पालटले. अंधेरीत 1973 मध्ये सीप्झ हे निर्यातीसाठीचे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले आणि पुढे मरोळ, पवई, मालाड, गोरेगाव येथे संगणकाधारित कामांच्या कचेऱ्यांच्या इमारती झाल्या. त्याच सुमारास घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावरचे अनेक कारखाने बंद होत गेले आणि त्यांच्याबरोबर टाइमकीपर, डिस्पॅच क्लार्क, टायपिस्ट ही पदेही लयाला गेली. पश्चिम रेल्वेने 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली महिला विशेष लोकल सुरू केली, तेव्हा नोकरी म्हणजे फोर्ट किंवा नरिमन पॉइंट असेच समीकरण होते. 8 जून 2014 रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावू लागल्यावर पूर्व उपनगरातून अंधेरीच्या कचेऱ्या गाठणे सोपे झाले. घरची जबाबदारी सांभाळून पुन्हा कामाला लागणाऱ्या बाईच्या दृष्टीने पगारातील दोन-तीन हजारांपेक्षा हे अंतर अधिक निर्णायक असते.

तरीही कचेऱ्या जवळ आल्या म्हणून दार उघडते असे नाही, कारण अर्जावरची मोकळी वर्षे स्वतःच एक अडसर बनतात. क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत केलेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुमारे 3,000 जाहिरातींना काल्पनिक उमेदवारांचे अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी असूनही बेकारीचा काळ जसा लांबला तसे मुलाखतीचे बोलावणे कमी होत गेले आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच झाली. जेथे नोकऱ्या मुबलक होत्या तेथे हा परिणाम अधिक तीव्र होता, कारण ‘इतके काम असताना याला कोणी घेतले नाही, म्हणजे काहीतरी खोट असणार’ असा तर्क नेमणारा माणूस करतो. मुंबईसारख्या, कामाला तोटा नाही अशी ख्याती असलेल्या शहरात हा संशय किती सहज बळावत असेल, हे यावरून ताडता येते. हा तर्क अन्यायाचा आहे, कारण त्यात उमेदवाराच्या कामाची परीक्षाच होत नाही. आधीच्या कोणीतरी दिलेला नकार पुढचा पुरावा म्हणून धरत गेल्याने खंड आपोआप वाढत राहतो.

रिकाम्या काळाचा माणसावर होणारा परिणामही दुर्लक्षिण्याजोगा नाही. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावातली कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी तेथील बेकार कुटुंबांचा अभ्यास केला, तो 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. हाताशी वेळच वेळ असूनही गावातल्या वाचनालयातून नेली जाणारी पुस्तके जवळपास निम्म्यावर आली होती आणि रस्त्याने जाणाऱ्या पुरुषांची चालही मंदावली होती. दिवसाला बांधून ठेवणारे काम गेले की फावला वेळ हाती येत नाही, उलट दिवसच विस्कटतो, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. गिरणगावातील 1982 च्या संपानंतर घरी बसलेल्या गिरणी कामगारांची कुटुंबे ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

खंडाच्या काळात काम किती बदलते, हे हिशेबाच्या क्षेत्रात सर्वांत स्पष्ट दिसते. 2016 मध्ये नोकरी सोडलेल्या अकाउंट्स असिस्टंटला व्हॅट, सेवाकर आणि अबकारी यांची विवरणपत्रे तोंडपाठ असतात. पण 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवाकर म्हणजेच जीएसटी लागू झाला आणि तिचे निम्मे ज्ञान एका रात्रीत जुने झाले. आज बोरिवलीतील एखाद्या व्यापाऱ्याच्या कचेरीत मुलाखतीला बसल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘टू-बी मॅच करता येतं का?’ विक्रेत्यांनी भरलेल्या विवरणांवरून जीएसटीच्या संकेतस्थळावर जीएसटीआर-2बी नावाचा तक्ता दर महिन्याला तयार होतो. त्यातील प्रत्येक बिल आपल्या खरेदीवहीशी एक्सेलमध्ये ताडून पाहावे लागते आणि जे बिल तेथे नसेल त्यावर आधी भरलेल्या कराची वजावट अडकते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचेही रूप 2020 अखेर आलेल्या नव्या आवृत्तीने बदलले. परंतु नावे-जमा, बँकेशी ताळमेळ, येणी-देणी हा पाया जसाच्या तसा आहे, म्हणून जुना हात पक्का असलेल्या व्यक्तीला ही नवी भर दोन-तीन महिन्यांच्या सरावात घालता येते. अशा वेळी केवळ प्रमाणपत्र देणाऱ्या लांबलचक अभ्यासक्रमावर पैसे घालवण्यापेक्षा प्रत्यक्ष बिले हाताळायला मिळतील अशी जागा शोधणे अधिक शहाणपणाचे ठरते.

ती जागा उपनगरांत बहुधा घरापासून हाकेच्या अंतरावर असते. हजारो सहकारी गृहनिर्माण संस्थांना दरमहा देखभालीची बिले काढावी लागतात, वसुलीच्या नोंदी आणि इतिवृत्ते लिहावी लागतात आणि 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. मात्र हे सगळे करायला सचिवांना सवड नसते. जुलैपासून विवरणपत्रांच्या हंगामात चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेऱ्यांनाही जादा हात लागतात. अशा ठिकाणी सहा महिने काढले, तर पगार बेताचाच मिळाला तरी अर्जात चालू वर्षाची एक खरी ओळ येते आणि विचारल्यावर चार शब्द बोलणारा माणूस मिळतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये दाखवून दिले, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सहांत जेमतेम एकाचीच ओळख वरचेवर भेटणाऱ्या व्यक्तीशी होती. बाकीच्यांना नोकरी क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. जवळच्यांना ठाऊक असते तेच आपल्यालाही ठाऊक असते, तर लांबच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळातली बातमी आणतो. म्हणून जुन्या कचेरीतील सहकारी, लोकलच्या डब्यातील ग्रुप, क्लासबाहेर भेटणारे पालक यांना ‘काम शोधते आहे’ असे संकोच न करता सांगावे. नोंदणी फी किंवा अनामत आधी मागणाऱ्या कन्सल्टन्सीपासून मात्र चार हात दूर राहणेच बरे.

मोकळी वर्षे लपवण्याचा मोह टाळावा. 2014 पासून भविष्य निर्वाह निधीच्या प्रत्येक सभासदाला बारा अंकी कायम क्रमांक मिळतो आणि त्याखालच्या नोंदींत रुजू होण्याच्या आणि सोडण्याच्या तारखा असतात, त्यामुळे पडताळणीत खोटी वर्षे उघडी पडतात. त्याऐवजी खंडाचे कारण एका वाक्यात सांगून लगेच आज काय येते यावर येणे इष्ट. याच निधीशी जोडलेल्या निवृत्तिवेतन योजनेत पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. आधीची सेवा त्याहून कमी असेल आणि ती रक्कम काढून घेतली नसेल, तर योजना प्रमाणपत्राच्या आधारे ती नव्या नोकरीतील सेवेत जोडली जाते, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही.

सरकारी मदतीचा इतिहास या बाबतीत तोकडा आहे. 1959 च्या कायद्याने मोठ्या आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे सक्तीचे केले, पण तेथूनच माणूस घेण्याचे बंधन घातले नाही. महाराष्ट्राने रोजगाराचा हक्क मान्य केला तो ग्रामीण भागातील अंगमेहनतीच्या कामापुरता. त्या रोजगार हमी योजनेसाठी 1975 च्या कायद्याने व्यवसायकर बसवला आणि शहरातील पगारदार आजही तो भरतात. पगारपत्रकावर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात ते हेच. ग्रामीण भागासाठी हे योग्यच झाले, परंतु तो कर वर्षानुवर्षे भरणाऱ्याचीच शहरातली नोकरी गेली तर त्याच्यासाठी तशी कोणतीही हमी नाही. ती येईपर्यंत उपनगरातील कचेऱ्यांच्या मालकांनी आणि व्यवस्थापकांनी एवढे तरी करावे, की खंड दिसला म्हणून अर्ज बाजूला न टाकता उमेदवाराला समोर बसवून, एक खरेदीवही आणि एक एक्सेलचा तक्ता देऊन, तासाभराचे काम करायला सांगावे आणि ते पाहूनच निर्णय घ्यावा.