लुंबिनीची सहल आणि मावशींची साखर

दिवाळीच्या सुट्टीत अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरकडची मंडळी लुंबिनी, कुशीनगर, सारनाथला निघतात. वर्गणी जमते, यादी होते, बॅनर छापला जातो. पण यादीतल्या किती जणांना मधुमेह आहे, हे कुणी विचारत नाही. मी दोन सहलींचा हिशेब पाहिला, मीही विचारले नव्हते.

आमच्यासोबत पासष्टीच्या एक मावशी होत्या. रोज सकाळी इन्सुलिन. लुंबिनीत कार्तिक पौर्णिमा आली म्हणून त्यांनी अष्टशील घेतले आणि दुपारी बारानंतर जेवण बंद केले. कुणाला बोलल्या नाहीत. संध्याकाळी हातपाय थरथरू लागले, घाम सुटला, बोलणे अडखळले. सुनेने चार चमचे साखर पाण्यात कालवून पाजली म्हणून निभावले. शुद्ध हरपली असती तर तोंडात काहीच घालायचे नसते, श्वासनलिकेत जाते. मग थेट दवाखानाच.

मावशी मात्र शील मोडले म्हणून रडत बसल्या. वास्तविक विनयात आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे बारानंतरही घेण्याची मुभा आहे. भिक्खूंना मुभा असताना आपण उपासिकांनी जिवावर का उदार व्हावे? इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपोसथ धरू नये. पंचशील आहेच.

दुसरी गोष्ट पायांची. मायादेवी मंदिरात चपला बाहेर ठेवाव्या लागतात. उन्हाळ्यात फरशी तापते आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही, फोड आल्यावरच कळते. जाड सुती मोजे घाला, रात्री तळवे पाहा. बुद्ध जयंतीला तिथे जाण्याची ओढ सर्वांनाच असते, पण वैशाखातले तराईचे ऊन आजारी माणसाला झेपत नाही. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी बरा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या रखडतात.

कल्याणहून गोरखपूर, तिथून बसने सोनौलीची सीमा, मग लुंबिनी. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. बर्फाला चिकटवू नका, गोठले की वाया जाते. निम्म्या गोळ्या दुसऱ्याच्या पिशवीत द्या. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, कारण नेपाळात कंपनीचे नाव वेगळे निघू शकते. व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका.

नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, तेव्हा मधुमेहाने फार थकले होते. पण माईसाहेब सोबत होत्या आणि त्या स्वतः डॉक्टर होत्या. आपल्या बसमध्ये डॉक्टर नसतो.

यंदाच्या अर्जात मी एक रकाना वाढवला आहे: आजार, औषध, सोबत कोण. बऱ्याच जणांनी तो कोराच परत दिला. मी पुन्हा घरोघरी जाऊन विचारतो आहे.