कासवाच्या पिलांचे घर

विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ यांचे लांछन कासव. जैन घरांत या जीवाविषयी ममता असणे स्वाभाविकच. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेली पिले वास्तूच्या निमित्ताने कोणी आणून दिली, की काचेची पेटी, पाणी, पालकाची पाने अशी सिद्धता सुरू होते. वस्तुतः हे स्टार कासव कोरड्या माळावरचे, गवतावर जगणारे आहे. त्याला ऊन हवे. ते न लाभल्यास कवच मऊ पडते. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत आले असून, घरी पाळणे हा गुन्हा आहे.

जीवदयेपोटी विकत घेऊन फुटाळा तलावात सोडणे तर अधिकच घातक. त्याला पोहता येत नाही, ते बुडते. आणि मिळालेल्या पैशांत विक्रेता नवी पिले आणतो. अशी दया व्यापाऱ्याच्या हिशेबातही बसणारी नाही!

नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. तोवर हवेशीर खोक्यात कोरडे गवत अंथरून पिले ठेवावीत. दूध, पोळी मात्र घालू नये.