डार्टमूरचे बांध

सकाळी ८. नैऋत्य इंग्लंडमधला डार्टमूर. जानेवारीत इथे आत्ता कुठे फटफटतंय. पाठीवर जीपीएस, नकाशा, पट्ट्यापट्ट्यांची मोजकाठी. पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट.

९. ऊन तिरपं असतानाच काम उरकायला हवं. उघड्याबोडक्या वाटणाऱ्या होल्न मूरच्या माळावर या उन्हात रेघा उमटतात : गवतात बुडालेले दगडमातीचे बुटके बांध. इथले लोक त्यांना रीव्ह म्हणतात. वय साधारण ३,५०० वर्षं, म्हणजे कांस्ययुगातले. उन्हाळ्यात सगळीकडे नेचं माजतं आणि बांध गडप होतात, म्हणून ही थंडी सोसायची.

१०.३०. बांधाच्या माथ्यावरून चालायचं, थांबायचं, नोंद करायची. रुंदी, उंची, कुठे खिंडार. एकाशेजारी एक समांतर जाणारे हे बांध चढउतार जुमानत नाहीत. डार्ट नदीच्या खोल दरीपलीकडेही त्याच दिशेने तीच आखणी पुढे चालू राहते. दोन्ही काठांवरच्या माणसांनी एकत्र बसून ठरवल्याशिवाय हे कसं घडेल? हा विचार मला दर वेळी हलवून सोडतो.

१२.३०. खडकाच्या आडोशाला जेवण. पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू फ्लेमिंग यांनी १९७०च्या दशकात हाच माळ तुडवला आणि विखुरलेले वाटणारे बांध हे जमिनीच्या आखीव वाटपाचे अवशेष आहेत, हे दाखवून दिलं. त्यांच्या उत्खननात काही ठिकाणी बांधाखाली लाकडी कुंपणाच्या खुंटांची भोकं सापडली. म्हणजे तिथे हद्द आधी ठरली, दगड मागाहून आले. मला ही भोकं बांधांइतकीच मोलाची वाटतात. डार्टमूरच्याच शॉ मूर या माळावर तर बांधालगतच्या चरात जनावरांच्या खुरांचे ठसे मिळाले! हद्दी कुणाच्या पोटासाठी आखल्या होत्या, ते तिथे कळतं.

२. धुकं. तासभर काहीच नाही.

३. एका खिंडाराशी अडकले. दोन्ही बाजूंना उभे दगड, मधून एक गाय जाईल एवढी जागा. मुळातली वाट, की नंतर कुणी दगड काढून नेले? चारही बाजूंनी फोटो, मापं, रेखाटन.

४.१५. सूर्य बुडाला. गाडीकडे.

६. कार्यालयात आजचे बिंदू विमानातून केलेल्या लेझर मोजणीवर बसवले. रेघ तंतोतंत जुळली; खिंडार मात्र त्या चित्रात नुसता ठिपका आहे. खिंडाराशेजारी नेच्याची मुळं बांधात शिरू लागलीत, ती मातीचे थर विस्कटतात. अहवालात पहिली शिफारस तीच लिहिली : येत्या उन्हाळ्यात इथलं नेचं कापावं, उपटू नये.