अळिंबीचा काढा आणि सूक्ष्मजीवांची गणना

चूर्ण कितीही वेळा वस्त्रगाळ केले तरी त्यातील सूक्ष्मजीव डोळ्यांस दिसत नाहीत. ते मोजावयाचे तर त्यांना खाद्य देऊन वाढवावे लागते. आणि हे खाद्य, म्हणजेच संवर्धन माध्यम, लहान फार्मसीस महाग पडते. मग वर्षातून एखादा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे धाडावयाचा आणि उरलेल्या बॅचेस विश्वासावर विकावयाच्या, अशी रीत पडते. २००० साली अनुसूची ‘टी’ आल्यानंतरही ती पुरती मोडलेली नाही, हे आपण सारे जाणतो.

या अडचणीवर खाद्य अळिंबी हा एक स्वस्त उपाय आहे. प्रयोगशाळेने स्वयंपाकघराकडून उसने घेणे नवे नव्हे. रॉबर्ट कॉख यांनी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जिवाणू वाढविले, तर अगार वापरण्याची सूचना १८८१ साली फॅनी हेस्से या गृहिणीने केली. बटाट्यात मात्र पिष्ट फार, नत्र थोडे. अळिंबीत मुक्त अमिनो आम्ले व ब गटातील जीवनसत्त्वे असतात आणि उकळल्यावर ती पाण्यात उतरतात. सुश्रुतांनी उद्भिद शाकांत पेंढ्यावर उगवणाऱ्या छत्राकास मधुर व दोषप्रशमन म्हटले आहे. स्मृतिकारांनी जे ताटातून वर्ज्य केले ते निदान परीक्षानळीत तरी चालावे!

कृती सोपी आहे. ताजी धिंगरी अळिंबी २०० ग्रॅम (वाळलेली असल्यास सुमारे २० ग्रॅम, कारण ताजीत नऊ दशांश पाणीच असते) चिरून एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळावी, गाळून पुन्हा एक लिटर करावे. अळिंबी उत्पादक जे देठ छाटून टाकतात तेही चालतात. त्यांस चिकटलेला पेंढा तेवढा काढावा. जिवाणूंसाठी ५ ग्रॅम मीठ घालून सामू ७ च्या आसपास आणावा. बुरशी व यीस्टसाठी मिठाऐवजी २० ग्रॅम डेक्स्ट्रोज घालून तो ५.६ ठेवावा. १५ ग्रॅम अगार विरघळवून १२१ अंशांवर १५ मिनिटे निर्जंतुक करावे. खर्चात आता मुख्यतः अगारच उरतो. बाजारातील चायना ग्रास हेही अगारच. पण त्याची घट्ट होण्याची शक्ती कमीजास्त असते.

आयुर्वेदिक फार्माकोपिआनुसार पोटात घ्यावयाच्या वनस्पतिद्रव्यात एका ग्रॅमला एकूण जिवाणू एक लाखापर्यंत, तर यीस्ट व बुरशी एक हजारापर्यंत चालतात. चूर्णाचे हजारपट विरलन करून १ मि.लि. जिवाणूंच्या प्लेटमध्ये घातल्यास शंभराहून अधिक वसाहती म्हणजे मर्यादेचे उल्लंघन, इतका हा हिशेब सरळ आहे.

आमचा आग्रह पुढच्या मुद्द्यावर आहे. अळिंबी जिवाणूंचे पोषण करते, तशी ती त्यांस रोखूही शकते. प्ल्यूरोम्युटिलिन हे प्रतिजैविक १९५१ साली अशाच एका छत्रकवकापासून मिळाले. ते धिंगरीत असतेच असे नव्हे. पण अळिंबीच्या काढ्याने काही जिवाणूंची वाढ दबली, तर प्लेट स्वच्छ दिसेल आणि दूषित चूर्ण रुग्णाच्या पोटात जाईल. माध्यम महाग असल्याने परीक्षण न होणे वाईट. खोटी स्वच्छता दाखविणारे परीक्षण त्याहून वाईट. म्हणून काढ्याच्या प्रत्येक नव्या खेपेस एकाच चूर्णाचे तेच विरलन अळिंबीच्या व बाजारातील प्रमाणित माध्यमावर शेजारी शेजारी लावावे. आधुनिक औषधसंहिता माध्यमाच्या अशा तुलनेत दुपटीपर्यंतचा फरक मान्य करतात. अळिंबीवरील वसाहती निम्म्याहून कमी भरल्या तर ती खेप सरळ टाकून द्यावी. प्रमाणित माध्यमाचा एक डबा अशा तुलनेपुरता बराच काळ पुरतो. हिरड्यासारखी कषाय द्रव्ये स्वतःही जिवाणूंस आवरतात, हेही विरलन ठरविताना ध्यानी असावे.

ई. कोलाय, साल्मोनेला, स्टॅफिलोकोकस ऑरियस व स्यूडोमोनास एरुजिनोसा यांचा अभाव सिद्ध करण्यास हे माध्यम निरुपयोगी आहे. त्यास निवडक माध्यमेच हवीत आणि ते काम प्रयोगशाळेकडेच असू द्यावे. विक्रीच्या प्रमाणपत्रावरही अळिंबीवरील आकडा लिहू नये. सुकविण्याच्या खोलीतील हवा, खरलांचे धुणे, पावसाळ्यात पोत्यांतील कच्च्या मालाची अवस्था, यांवर आठवड्याची नजर ठेवण्यास मात्र तो पुरेसा बोलका ठरतो.

वापरलेल्या प्लेट्स कचऱ्यात टाकण्यापूर्वी पुन्हा १२१ अंशांवर अर्धा तास ठेवाव्यात, आणि या कामाचा कुकर स्वयंपाकघरात परत नेऊ नये.