चंद्रावरचे खडक: समज आणि वस्तुस्थिती

चंद्र पृथ्वीला सर्वस्वी अपरिचित अशा पदार्थांचा बनलेला असावा, हा समज अपोलो मोहिमांनी १९६९ ते १९७२ या काळात आणलेल्या सुमारे ३८२ किलोग्रॅम नमुन्यांनी निकालात काढला. चंद्रावरील काळसर डाग, ज्यांना जुन्या निरीक्षकांनी सागर मानले, ते बेसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या अग्निजन्य खडकाचे विस्तीर्ण थर आहेत. सह्याद्रीचा काळा कातळ याच जातीचा असून प्लेजिओक्लेज फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजे दोहोंत मुख्य आहेत. उजळ डोंगराळ प्रदेश मात्र प्रामुख्याने अनॉर्थोसाइटचा, म्हणजे जवळजवळ निव्वळ प्लेजिओक्लेजच्या फिकट खडकाचा आहे. चंद्राचा बाह्य भाग आरंभी वितळलेला असताना हे हलके खनिज शिलारसावर तरंगून त्याचे कवच बनले, असे बहुतेक संशोधक मानतात, आणि चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने २०२३ मध्ये घेतलेली मोजमापे या मताशी जुळतात. हा खडकही पृथ्वीला नवा नाही. तामिळनाडूतील सित्तमपुंडी येथील अनॉर्थोसाइटपासूनच इस्रोने चाचण्यांसाठी कृत्रिम चांद्रमाती तयार केली.

हे साम्य कळले की काही जण दुसरे टोक गाठतात आणि पृथ्वीवरचाच एखादा दगड चंद्राचा म्हणून सहज खपवता येईल, असे मानू लागतात. येथे पाण्याचा विचार सुटलेला असतो. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, भूशास्त्राच्या हिशेबाने तसा तरुणच. तरीही त्यातील वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या अनेक पोकळ्या झिरपत्या पाण्याने झिओलाइट, कॅल्साइट आणि गारेने भरून टाकल्या आहेत, आणि उघड्यावर आलेला खडक कुजून त्याचा मुरूम व काळी माती झाली आहे. चंद्रावरून आणलेला बहुतेक बेसाल्ट ३०० कोटी वर्षांहून जुना आहे, पण त्याच्या पोकळ्या रिकाम्या, स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली नुकतेच थिजल्यासारखे स्वच्छ, आणि लोहाचे काही कण न गंजता धातुरूपातच टिकलेले आढळतात. शिवाय वातावरणाचे आच्छादन नसल्यामुळे सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने पृष्ठभागावर पडलेले बारीक खळगे या दगडांवर दिसतात. ते सारे एकत्र बनावटपणे घडवणे कोणत्याही कारागिराला जड जाईल.

अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित हे शालेय वर्गीकरणही चंद्राला जसेच्या तसे लागू पडत नाही. वाहते पाणी नसल्याने वालुकाश्म किंवा चुनखडक तेथे तयार होत नाहीत, आणि ग्रॅनाइटसारखा खडक लहान तुकड्यांपलीकडे क्वचितच मिळाला आहे. तेथे विपुल आहे तो ब्रेक्शिया, म्हणजे उल्काघातांनी फोडलेल्या आणि त्याच आघातांच्या दाबाने व उष्णतेने पुन्हा सांधल्या गेलेल्या तुकड्यांचा खडक.

या आघातांनी पडलेली विवरे म्हणजे ज्वालामुखीची मुखे, असा समज एकेकाळी अभ्यासकांतही होता, आणि बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवरालाही तो चिकटला होता. तेथील प्लेजिओक्लेज प्रचंड दाबाच्या लहरीने न वितळता काचेसारखे झाल्याचे दिसले, आणि अशनिपाताचा हा पुरावा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेसाल्टमध्ये पडलेली विवरे पृथ्वीवर फार थोडी असल्यामुळे चंद्राच्या अभ्यासकांना लोणारचे महत्त्व वाटते. मात्र तेथेही खाऱ्या सरोवराने आणि हजारो पावसाळ्यांनी खडकाचे रसायन बदललेले असल्यामुळे तुलनेआधी पाण्याने केलेला हा फेरफार हिशेबातून वेगळा काढावा लागतो.