नावातला अंक: शेअर्ड लायब्ररींची नामपद्धती

महाराष्ट्राच्या सीमेलगतचे वांकिडी हे पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले आणि २०१६ साली नव्या आसिफाबाद जिल्ह्यात गेलेले गाव असून त्या पट्ट्यात मराठी आणि तेलुगू शेजारी नांदतात. तेथील लिनक्स संगणकावर ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्य आणि तेलुगूत अक्षराखाली बसणारे जोडव्यंजन ही दोन्ही रूपे बहुधा हार्फबझ ही एकच लायब्ररी जुळवते. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रामांना लागणाऱ्या तयार यंत्रसंकेताचा संच. तो प्रत्येक प्रोग्राममध्ये न भरता एकदाच ठेवून सर्वांनी वापरला, तर तिला शेअर्ड लायब्ररी म्हणतात, आणि तिची सारी मदार नावाच्या शिस्तीवर असते.

लिनक्सवर अशा लायब्ररीला तीन नावे असतात. ‘लिबहार्फबझ.एसओ.०.६००००.०’ हे डेबियन १२ मधील प्रत्यक्ष फाइलचे नाव असून त्यातील ६०००० हा आकडा ६.०.० ही आवृत्ती सांगतो. अंक नसलेले ‘लिबहार्फबझ.एसओ’ हे नाव केवळ प्रोग्राम बांधताना लागते. लिंकरला, म्हणजे जोडणी करणाऱ्या प्रोग्रामला, ‘हार्फबझ’ एवढेच सांगितले की ‘लिब’ आणि ‘एसओ’ तो स्वतः लावून घेतो. मात्र तयार प्रोग्राममध्ये तो ‘लिबहार्फबझ.एसओ.०’ हे तिसरे नाव नोंदवतो, ज्याला एसओनेम म्हणतात, आणि प्रोग्राम सुरू होताना याच नावाने लायब्ररी शोधली जाते.

एसओनेममधील अंक नवेपणा मोजत नाही, तो सुसंगतीचे वचन देतो. हार्फबझने २०१५ मध्ये १.० हा टप्पा गाठला व पुढे अनेक मोठ्या आवृत्त्या काढल्या, तरी तिचे शून्य बदलले नाही, कारण जुन्या प्रोग्रामांची मागणी नवी फाइलही तशीच पुरवते. लिनक्सची पायाभूत सी लायब्ररीही १९९७ पासून ‘लिबसी.एसओ.६’ याच नावाने ओळखली जाते.

एखाद्या फंक्शनला द्यावयाच्या मूल्यांचा क्रम बदलला आणि अंक तोच राहिला, तर प्रोग्राम सुरू होतो, परंतु चुकीची मूल्ये वाचून भलताच निकाल देतो किंवा मध्येच कोसळतो. लायब्ररी न सापडल्यास तो निदान आरंभीच तिचे नाव सांगून थांबतो, आणि हे थांबणे अधिक प्रामाणिक होय. म्हणून भारतीय भाषांसाठी लायब्ररी लिहिणाऱ्यांनी जुना प्रोग्राम पुन्हा न बांधता नव्या फाइलवर चालवून पाहावा, आणि तो चालत नसेल तर अंक वाढवूनच ती प्रसिद्ध करावी.